धाकटीच्या उशाशी मोटर

दादांचे कान एका दिवसात गेले नाहीत. नटबोल्टच्या कारखान्यात घणाच्या यंत्रावर त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि कान वर्षागणिक थोडे थोडे गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बायकांचे आवाज. निवृत्त होईपर्यंत समोरच्याचे ओठ पाहिल्याशिवाय त्यांना वाक्य लागेनासं झालं. कानात घालायचं मशीन आणलं होतं, पण ते घातलं की भांडी, खुर्च्या, माणसं सगळी एकदम अंगावर यायची, म्हणून ते डबीसकट कपाटात गेलं. हात मात्र शाबूत होते. चालत्या यंत्रावर तळवा टेकवून ते सांगायचे, हे बेअरिंग महिनाभर काढेल, ते आठवडाभरही काढायचं नाही. कारखान्यात त्यांच्या तळव्यापुढे कुणी वाद घालत नसे.

घर दुमजली. वर दादा आणि त्यांची बायको, खाली दादांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनघरात कामाला, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. दोन्ही जावांची चूल वेगळी होती, पण वाटी रोज वर-खाली व्हायची. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच. ती एका मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. वॉर्डात माणसं कमी, त्यामुळे दोन वर्षं रात्रपाळी तिच्याच गळ्यात पडलेली. सकाळी साडेआठला घरी यायची, चहा घ्यायची आणि नऊ ते तीन झोपायची. त्या सहा तासांवर तिचं सगळं चालायचं.

ताईंना सांधे धरण्याचा आजार होता. दिवसा बरं असायचं, पण सकाळी अंग लाकडासारखं. पलंगावरून उठून उभं राहायला अर्धा तास, केसांत कंगवा घालायला दादा. औषधांनी दुखणं कमी झालं, ताठरपणा गेला नाही. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, पाण्याचे झोत पाठीवर आणि गुडघ्यांवर येऊ देत. तसं पाणी असलेलं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ताईंना बसची पायरी चढवत नव्हती. शेवटी दादांनी बंद पडलेल्या एका हॉटेलातून गरम पाण्याचा टब मिळवला. दोन माणसांचा, लहानसा, मोटरसकट.

टब वरच्या मागच्या खोलीत बसवला. घर बांधणाऱ्या मिस्त्रीने बजावलं होतं, भरलेल्या टबाचं वजन फार, तो खोलीच्या मधोमध ठेवू नका, जाड भिंतीला चिकटवून ठेवा. दादांनी तसंच केलं. पाइपही त्याच भिंतीला बांधले, चार लोखंडी क्लॅम्प ठोकून, पाइप केसभर हलता कामा नये असे. ते काम त्यांनी स्वतः, हौसेने केलं. ती भिंत सरळ खाली जात होती, आणि तिलाच टेकून धाकटीचा पलंग होता.

पहिल्या सकाळी ताई पाण्यात बसल्या. बारा-तेरा मिनिटांनी त्यांनी उजवा हात वर काढला आणि मूठ मिटली. पूर्ण मिटली. दोन वर्षांत मिटली नव्हती.

"अहो, बघा," त्या म्हणाल्या. दादांनी पाहिलं आणि खोलीबाहेर गेले. टॉवेल आणायला, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी धाकटी वर आली. अंगात गाउन, डोळे लाल.

"दादा, टबाचा आवाज फार येतो खाली."

"कसला आवाज? मी शेजारी उभा असतो, मला तर काही येत नाही."

धाकटीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली.

"दादा, तुमच्या मागे कुणी ताट आपटलं तरी तुम्हाला ऐकू यायचं नाही," धाकटी हळूच म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दादांनी ते ओठांवरून वाचलं, आणि नेमकं तेच वाक्य त्यांना पुरतं कळलं. ते म्हणाले, "बघतो," आणि आत निघून गेले.

आवाज दोन होते. एक झोतांचा, ताई पाण्यात असेपर्यंत, नऊ-सव्वानऊपासून वीस मिनिटं. दुसरा छोट्या मोटरचा, जी पाणी गाळायची आणि गरम ठेवायची. ती दिवसभर चालायची. टबवाल्याने सांगून ठेवलं होतं, ही कधी बंद करायची नाही, नाहीतर पाणी सडेल. दादांनी ते वाक्य वेदवाक्य धरलं.

धाकटीने आधी कानात कापसाचे बोळे घातले, मग इस्पितळातले रबरी. पण तो आवाज कानांनी येतच नव्हता. तो भिंतीतून पलंगात, पलंगातून उशीत, उशीतून दाढेत यायचा. उशी पायाकडे टाकून पाहिली. पलंग खोलीच्या मधोमध ओढला, तर तो फरशीतून आला. स्वयंपाकघरात चटई टाकली, तिथेही तेच. पुढच्या खोलीत टबाचा आवाज नव्हता, पण खिडकीखाली बसचा थांबा होता आणि दर दहा मिनिटांनी बस उभी राहून धापा टाकायची. इस्पितळात चादरी ठेवायच्या खोलीत ती दोनदा झोपली. तिसऱ्या वेळी मुख्य सिस्टरांनी उठवलं आणि इथे झोपायचं नाही म्हणून सांगितलं.

वर दादा आपल्या परीने धडपडत होते. टबाखाली त्यांनी जाड रबराची गादी सरकवली. त्यासाठी टब रिकामा केला, भरला, दोन दिवस गेले. टबाच्या वजनाने रबर कागदासारखं चपटं झालं आणि आवाज होता तिथेच राहिला. मग मोटरच्या खणात जुन्या गोधड्या कोंबल्या. मोटर गुदमरून तापली आणि आपणहून बंद पडली, चालू झाली, पुन्हा बंद पडली. धाकटी म्हणाली, आता ते आणखी वाईट झालंय, आधी निदान सलग तरी होतं. गोधड्या बाहेर आल्या.

"आता कसं आहे?" दादा रोज तीन वाजता जिन्यातून विचारायचे.

"तसंच."

"थोडं तरी कमी?"

"नाही, दादा."

त्यांना वाटू लागलं की ही आता सवयीनेच नाही म्हणते. तिला वाटू लागलं की हे उगाच विचारतात. वाटी वर-खाली व्हायची थांबली. असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी धाकटी नेहमीपेक्षा उशिरा आली. घराचं कुलूप न उघडता तशीच गणवेशात जिना चढली आणि वरच्या पायरीवर बसली. दादा दारात आले.

"आज माझ्या हातून माणूस गेला असता," ती म्हणाली.

"कोण गेला?"

"कुणी नाही गेला. गेला असता." तिने तोंड वर करून पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, जसं त्यांच्याशी नेहमी बोलायची तसं. दोन शेजारच्या खाटा, दोन म्हातारे. एकाचं साखरेचं इंजेक्शन तिने भरलं आणि दुसऱ्याचा दंड पुसला. सुई टोचणार तेवढ्यात म्हातारा म्हणाला, सिस्टर, मला साखर नाही हो. ती तिथेच उभी राहिली. दुसऱ्या सिस्टरने तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"तो झोपेत असता तर?" धाकटी म्हणाली. "त्याला झोप लागली होती, दादा. नेमका जागा झाला."

वरिष्ठांनी लेखी ताकीद दिली होती. पुन्हा असं घडलं तर वॉर्डातून काढून चौकशी. ते पत्र तिने चार घड्या घालून खिशात ठेवलं होतं, ते बाहेर काढलं, पण उघडलं नाही.

"मी काय करू सांगा," ती म्हणाली. "ताईंना पाण्यातून काढा असं मी म्हणणार नाही. मी बघितलीय ती मूठ. पण मी काय करू?"

दादांनी यातलं अर्धं वाचलं, अर्धं सुटलं. आत पलंगावर बसलेल्या ताईंनी मात्र शब्दन् शब्द ऐकला.

दुसऱ्या सकाळी ताई म्हणाल्या, "आज टब नको. मला बरं वाटतंय."

"खरंच?"

"खरंच. पाण्याने गुण आलाय. आता थोडे दिवस थांबून बघू."

दादांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना ठेवायचा होता. मोठा खटका पाडला, टब बंद केला, झाकण टाकलं. खाली धाकटी सहा तास झोपली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती खालून वाटी घेऊन वर आली तेव्हा ताई खुर्चीत बसल्या होत्या, शाल हातांवरून ओढून.

"कशा आहात, ताई?"

"झकास."

धाकटी परिचारिका होती. तिने शालीकडे पाहिलं, पण विचारलं नाही. ते न विचारणं पुढे तिला फार दिवस खात राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ताई भिंत धरत न्हाणीघरात गेल्या. गुडघा वाकलाच नाही आणि त्या फरशीवर बसत्या झाल्या, मग कुशीवर. मोडलं काही नाही, पण उठता येईना. दार लोटलेलं होतं. त्यांनी हाक मारली. दादा पुढच्या खोलीत खिडकीपाशी मिक्सरची मोटर उघडून बसले होते, पाठ दाराकडे. ताईंनी पुन्हा हाक मारली. मग त्यांच्या लक्षात आलं की याचा काही उपयोग नाही, आणि तरीही त्या मारत राहिल्या. घसा बसला तेव्हा हाताशी आलेला मग घेऊन फरशीवर ठोकू लागल्या. बोटं मगाच्या दांड्याभोवती वळत नव्हती, दोन्ही तळव्यांत धरून ठोकत होत्या.

खाली धाकटीला जाग आली. पहिल्यांदा तिला संताप आला. पुन्हा काहीतरी सुरू केलं यांनी, असं मनात येऊन तिने उशी डोक्यावर दाबून धरली. किती वेळ, हे तिला नंतर सांगता आलं नाही. मग ठोकणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, लागोपाठ तीन, मग एक, मग बराच वेळ काहीच नाही. यंत्र असं ठोकत नाही. ती उठली आणि अनवाणी जिना चढली.

न्हाणीघरात तिने ताईंच्या काखेखाली हात घातले, एक गुडघा टेकून त्यांना आधी बसवलं, मग उभं केलं, रोग्यांना करायची तसं. ताईंचे ओठ निळसर पडले होते.

"किती वेळ झाला?"

"तू झोपली होतीस."

"ताई, किती वेळ?"

"पाऊण तास असेल."

पान्यासाठी वळताना न्हाणीघराचं उघडं दार दिसलं तसे दादा चष्मा कपाळावर सरकवत आले. "काय झालं?"

 त्यांनी बायकोचा ओला गाउन पाहिला, फरशीवर पडलेला मग पाहिला, तिचं तोंड पाहिलं.

"मी इथेच होतो," ते म्हणाले. "इथेच तर होतो मी."

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या.

दादा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना. धाकटीने ताईंना पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं, गरम पाण्याची पिशवी गुडघ्यांशी दिली आणि परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, ओठ दिसतील असे.

"टब चालू करा."

"तू आधी झोप."

"दादा, टब चालू करा. तापायला सहा तास लागतात ना? आता चालू केला तर संध्याकाळी त्यांना बसवता येईल. मी जायच्या आधी बसवते."

त्यांनी खटका ओढला. त्या दिवशी धाकटी पुन्हा झोपली नाही, आणि रात्री वॉर्डात प्रत्येक सुई दुसऱ्या सिस्टरला दाखवून टोचली.

रविवारी तिची सुट्टी असायची, आणि रविवारीच जहाजावरून फोन यायचा. या वेळी ती फोन घेऊन वर गेली, टबाशेजारी दादांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या तोंडासमोर बसली. भाऊ तिकडून बोलायचा, ती ते ओठांनी सांगायची.

"तो विचारतोय, खाली काय घातलंय?"

"रबर. दोन इंच."

"म्हणतोय, वजनाने ते दबलं असेल, त्यात आता जीव राहिला नसेल. आणि पाइप कशाला बांधलेत?"

"भिंतीला. चांगले घट्ट."

धाकटीने ते फोनमध्ये सांगितलं. मग ती बराच वेळ ऐकत राहिली.

"काय म्हणतो?"

"म्हणतोय," ती अडखळली, "म्हणतोय, दादाला सांग, जहाजावर इंजिन कधी थेट लोखंडाला बांधत नाहीत. मध्ये लवचीक काहीतरी हवं. आणि नळ्यांनाही तेच. मोटरखाली कितीही गाद्या घाल, पाइप जर भिंतीला धरून असेल तर मोटर भिंतीतच बसलीय असं समज."

दादा उठले. त्यांनी पहिल्यांदाच टबावर नव्हे, तर भिंतीवर तळवा ठेवला. क्लॅम्पच्या खाली, मग वीतभर बाजूला, मग गुडघ्यावर बसून फरशीलगत. छोटी मोटर चालू होती. ते बराच वेळ तसेच राहिले. मग वळले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून धाकटीने फोन खाली ठेवला.

"अख्खी भिंत चालतेय गं," ते म्हणाले. "हे मी केलं. कारखान्यात शिकलेलं इथे केलं. तिथे सगळं जखडायचंच असतं."

त्या दिवसापासून ती दोघं कामाला लागली. आवाज दादांना ऐकू येत नव्हता आणि धाकटीला पाना धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. ती खाली पलंगावर पडून राहायची. दादांच्या सदऱ्याच्या खिशात फोन. एकदा थरथरला तर वाईट, दोनदा थरथरला तर बरं. दादा दरवेळी मोठा खटका पाडून एक गोष्ट बदलायचे, मग खटका ओढून वाट बघायचे.

पहिल्यांदा क्लॅम्प काढले. फोन एकदा थरथरला. मोकळा पाइप आता भिंतीवर आपटत होता. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, छताला हूक मारले आणि पाइप त्या पट्ट्यांत टांगला, भिंतीपासून चार बोटं लांब. बराच वेळ काही नाही. मग खिसा थरथरला, आणि थांबून दुसऱ्यांदा. दादांनी पाना खाली ठेवला आणि कपाळ पुसलं.

"काय?" ताईंनी पलंगावरून विचारलं.

"दोनदा," दादा म्हणाले.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. मोटरमधून निघणारा पाइप कडक होता, तो मोटरची थरथर पुढे न्यायचा. मध्ये वीतभर रबरी नळीचा तुकडा टाकायचा दादांनी ठरवलं. मंगळवारी सकाळी, धाकटी झोपायच्या आधीच, तो टाकला, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले आणि खटका ओढला. आठ-दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मग एक पट्टा सरकला आणि नळी निसटली. पाण्याचा फवारा भिंतीवर बसला. दादांची पाठ तिकडे होती. पाणी पायांना लागलं तेव्हाच त्यांना कळलं, तोवर ते भिंतीच्या कडेने खाली उतरलं होतं.

धाकटी पलंगावर उताणी पडली होती. कोमट पाण्याची धार तिच्या उशीवर आली. तिने फोन लावला, एकदा, दोनदा, पाचदा, आणि वर दादा खटक्याकडे धावताना फोन थरथरतोय एवढंच त्यांना कळत होतं.

ती वर आली तेव्हा ते पाण्यात बसले होते, नळीचा तुकडा हातात.

"गादी?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"उद्या टबवाल्याला बोलावतो. घेऊन जा म्हणतो. पुरे झालं." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, आणि तो फाटत होता. "तिचं मी बघतो. उचलून बसवीन, उचलून उठवीन. तुझी नोकरी जायला नको. माझ्याच्याने हे होत नाही."

धाकटीने भिजलेले केस मागे बांधले. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"पट्टा एकच लावला होतात ना, त्या बाजूला?"

"हं."

"दोन लावा."

"अगं, पण…"

"आधी जे दोनदा वाजलं ते खरं होतं, दादा. मी उगाच नव्हते वाजवत." ती ताईंच्या पलंगाकडे गेली. "ताई, सरका जरा. मला चार तास झोपायचंय आणि माझ्या खोलीत तळं झालंय."

ताई सरकल्या, जेवढं सरकता आलं तेवढं. दादा आवाज न करता पाणी पुसत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. बादलीची कडी दर वेळी खणकन वाजत होती. 

पुढचे नऊ दिवस असेच गेले. दुपारी तीननंतर तास-दीड तास. मोटरच्या पायांखाली दादांनी जुन्या वॉशिंग मशीनचे रबरी पाय बसवले. मोटर टबाच्या पेटीतून सुटी करून एका जाड दगडी लादीवर घेतली आणि लादीखाली अर्धे कापलेले रबरी चेंडू ठेवले. चेंडू सहा ठेवले तेव्हा फोन एकदा वाजला, चार ठेवले तेव्हा दोनदा. का ते दादांनाही नीट सांगता आलं नाही. लादी थोडी डुलायला हवी, एवढंच म्हणाले. पेटीचे पत्रे कडकडत होते, त्यांच्या कडांना फेल्टच्या जाड लोकरी पट्ट्या चिकटवल्या. दर वेळी थोडंसं कमी व्हायचं. पण तळाशी एक बारीक, किरकिऱ्या सुराचा आवाज उरला. दादांच्या तळव्याला तो लागत नव्हता आणि धाकटीला तो कुठून येतो ते सांगता येत नव्हतं. दोन दिवस ते दोघं तिथेच अडकून पडले. धाकटी चिडू लागली, दादा तिच्या ओठांकडे बघायचं टाळू लागले.

तो सापडला ताईंना. त्या पाण्यात होत्या, डोकं मागे टाकून, कान पाण्याखाली.

"अहो, इथे खाली कुणीतरी दात खातंय," त्या म्हणाल्या, आणि कुठे ते बोटाने दाखवलं. छोटी मोटर. दादांनी ती उघडली. पुढचं बेअरिंग खडबडीत झालं होतं, हॉटेलात किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. त्यांनी ते नखाने फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदा हसले, कडवट का होईना. "एवढं मला दुसऱ्याने सांगावं लागलं," ते म्हणाले. नवीन बेअरिंग आणून बसवलं, आणि त्या दुपारी फोन दोनदा वाजून थांबला नाही. तिसऱ्यांदाही वाजला.

आवाज गेला असं नाही. तो पलीकडच्या घरातल्या फ्रिजइतका उरला. झोत चालू असताना अजूनही भिंतीला कान लावला तर येई. म्हणून वेळही बदलली. दुखणं लवकर उतरावं म्हणून ताईंची सकाळची गोळी दादा आता साडेसातला देऊ लागले. साडेआठला धाकटी आली की तीच त्यांना पाण्यात उतरवायची, नऊच्या आत बाहेर काढायची, मग खाली जायची. आणि छोटी मोटर. टबवाला काहीही म्हणो, धाकटीने एक दिवस ती नऊला बंद करायला लावली, झाकणावर दोन घड्या घोंगड्यांच्या घातल्या आणि तीन वाजता पाण्यात थर्मामीटर धरला. दोन अंश उतरलं होतं. पाणीही सडलं नाही. ती मोटर आता धाकटी कामावर गेल्यावर चालते.

ताईंची मूठ पुन्हा पूर्ण मिटली नाही. ते चार दिवस महागात पडले, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाऊण मिटते. कंगवा धरता येतो. धाकटीचं ताकीदपत्र इस्पितळाच्या फायलीत आहे ते आहे, आणि दिवसपाळीचा तिचा अर्ज दोनदा परत आला. दादांनी कपाटातली डबी काढली, ताई न्हाणीघरात असताना तेवढं मशीन कानात घालतात, त्रास होतो तरी घालतात.

नव्या बेअरिंगनंतरच्या शुक्रवारी तीन वाजले तरी खालून काही हालचाल नाही. साडेतीन झाले. चहाचं भांडं वाजलं नाही, नळ वाजला नाही. ताई अस्वस्थ झाल्या.

"अहो, बघून या. बरी आहे ना ती?"

दादा खाली गेले. दारावर टकटक केली आणि थांबले. आतून ओ दिली की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पुन्हा टकटक केली. मग दार हळूच लोटलं. खोलीत नवी गादी होती, भिंतीवर पाण्याचा डाग अजून पिवळट. धाकटी गणवेशातच आडवी पडली होती, एक बूट पायात, एक खाली, तोंड उघडं. श्वासाबरोबर खांद्यावरची शिवण वर-खाली होत होती. दादा ती शिवण बघत राहिले. मग त्यांनी पायातला बूट काढला, खालच्या बुटाशेजारी ठेवला आणि दार ओढून घेतलं.

वर ताई जिन्याच्या तोंडाशी, कठड्याला धरून उभ्या होत्या.

"काय करतेय?"

"झोपलीय," दादा म्हणाले. त्यांच्या मते ते कुजबुजले होते.